कागदाच्या पाठीवरचा आकडा



या धड्यात आपण एका साध्या वस्तूविषयी वाचणार आहोत. ती वस्तू म्हणजे पॉलिश पेपर. कोणी त्याला काचकागद म्हणतात, कोणी सँडपेपर म्हणतात. लाकूड घासून गुळगुळीत करायला तो लागतो. दार असो, पाट असो, पाळणा असो, पॉलिश पेपर फिरल्याशिवाय काम पुरे होत नाही.

पूर्वी हा कागद हातात धरून घासत. आजही घासतात. पण आता खेडोपाडी सुतारांकडे विजेवर चालणारी घासायची यंत्रे आली आहेत. त्यांना सँडर म्हणतात. यंत्र महाग असते, कागद स्वस्त असतो. म्हणून लोक यंत्र पारखून घेतात आणि कागद मिळेल तो लावतात. इथेच घोटाळा होतो. खरे पाहता लाकूड यंत्र घासत नाही. लाकूड घासतो तो कागद. यंत्र फक्त कागदाला हलवते.

मग कोणता कागद कुठे लावायचा? हे कागदच सांगतो. त्याच्या पाठीवर ते छापलेले असते. ज्याला वाचता येते त्याला ते कळते. तुम्हाला आता वाचता येते. चला, कागद उलटा करू आणि वाचू.

कण आणि चाळण

पॉलिश पेपर म्हणजे कागदावर किंवा कापडावर गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेले कठीण कण. प्रत्येक कणाला धारदार कोपरे असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली पटाशी. हजारो पटाश्या एकदम चालतात आणि लाकडाचा भुसा निघतो.

हे कण कशाचे असतात? नाव सँडपेपर, म्हणजे वाळूचा कागद. पण आजच्या कागदावर वाळू नसते. लाकडाच्या कामासाठी मिळणाऱ्या पुष्कळ कागदांवर अॅल्युमिनियम ऑक्साइड असते. नाव परके वाटते, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे कुरुंद नावाचा कठीण दगड आहे. धार लावायला तो वापरत आले आहेत. तो दगड म्हणजेच अॅल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजीत त्याला कोरंडम म्हणतात. ते इंग्रजी नावही आपल्या दक्षिणेकडच्या भाषेतून तिकडे गेले आहे. आता हा पदार्थ बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत तयार करतात. बॉक्साइट आपल्या कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत सापडते.

दुसरा पदार्थ सिलिकॉन कार्बाइड. याचा कागद काळा असतो. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना तो भट्टीत प्रयोग करताना मिळाला. तो फार कठीण, पण ठिसूळ असतो. पाणी लावून घासायचा जो काळा ‘वॉटर पेपर’ मिळतो, त्यावर हेच कण असतात.

आता आकड्याकडे वळू. घरात रव्याची चाळण असते आणि मैद्याची चाळण असते. रव्याच्या चाळणीची भोके मोठी, म्हणून एका इंचात थोडी मावतात. मैद्याच्या चाळणीची भोके बारीक, म्हणून एका इंचात पुष्कळ मावतात. कागदावरचे कणही असेच चाळून निवडत आले. चाळणीच्या एका इंचात जितकी भोके, साधारण तितका आकडा. म्हणून एक नियम ध्यानात ठेवा.

आकडा लहान, तर कण मोठा. आकडा मोठा, तर कण बारीक.

नव्या माणसाला हे उलटे वाटते. त्याला वाटते, मोठा आकडा म्हणजे जोरदार कागद. तसे नाही. ४० चा कण जवळजवळ अर्धा मिलिमीटर असतो. मोजपट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर, त्याच्या निम्मा. ८० चा कण मिलिमीटरचा पाचवा भाग. १२० चा कण आठवा भाग. २२० चा कण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. चाळण आठवली की हा नियम विसरत नाही.

पाठीवर आणखी काय असते?

कागदाच्या पाठीवर हा आकडा इंग्रजी अंकांत असतो. मोबाईलवर दिसतात तेच हे अंक. ते अजून शिकला नसाल तर आधी ते दहा अंक शिकून घ्या. एका आठवड्याचे काम आहे.

पुष्कळदा आकड्याच्या आधी एक अक्षर असते. एक उभी काठी आणि तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे अर्धा गोल. हे इंग्रजीतले ‘पी’. युरोपच्या मापाची ती खूण आहे. अमेरिकेच्या जुन्या मापाच्या कागदावर हे अक्षर नसते. जाड कागदांत दोन्ही मापे जवळपास सारखी असतात. १२० आणि पी १२० यांत काळजी करण्यासारखा फरक नाही. पण बारीक कागदांत फरक पडतो. बिनपीचा ४०० चा कागद हा साधारण पी ८०० एवढा बारीक असतो. म्हणून एका कामात दोन मापांची सरमिसळ करू नका. सगळे कागद ‘पी’चे घ्या, म्हणजे हिशेब सरळ राहतो.

कणांची दाटीही पाहा. काही कागदांवर कण एकमेकांना खेटून असतात. काहींवर मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. सागवानासारख्या तेलकट लाकडाला आणि जुन्या रंगाला मोकळ्या कणांचा कागद बरा. मोकळ्या जागेत भुसा बसतो आणि यंत्राच्या हादऱ्याने झडून जातो. दाट कणांचा कागद अशा कामात लवकर बुजतो. काही कागदांवर साबणासारखी पांढुरकी पूड दिसते. ती बुरशी नव्हे. भुसा चिकटू नये म्हणून लावलेला तो थर असतो.

कोणत्या यंत्राला कोणता कागद?

घासायची यंत्रे अनेक आहेत. गावात आढळणाऱ्या चार जाती पाहू.

पहिले यंत्र चौकोनी गादीचे. ही गादी अगदी लहान लहान वर्तुळांत थरथरते. याला कागदाच्या पूर्ण तावाचा चौथा भाग लागतो. ताव ९ इंच रुंद आणि ११ इंच लांब असतो. मधून दोन घड्या घातल्या की चार तुकडे होतात. तुकडा दोन्ही बाजूंच्या चापांत ताणून बसवायचा. सैल बसला की तो सरकतो आणि फाटतो. या यंत्राला साधा तावाचा कागद चालतो, म्हणून खर्च कमी येतो.

दुसरे यंत्र गोल गादीचे. ही गादी थरथरते आणि फिरतेही. कागद गोल असतो, बहुधा १२५ मिलिमीटरचा, म्हणजे ५ इंचांचा. तो मुलांच्या बुटांवरच्या वेल्क्रो पट्टीसारखा चिकटतो. सपाट फळीसाठी आणि दारासाठी हे यंत्र उत्तम.

तिसरे यंत्र त्रिकोणी गादीचे. इस्त्रीच्या टोकासारखे हिचे टोक निमुळते असते. चौकटीचा कोपरा, कपाटाचा खण, देव्हाऱ्याचा आतला भाग, जिथे गोल यंत्र शिरत नाही तिथे हे शिरते.

चौथे यंत्र झुलणारे. याची त्रिकोणी गादी गोल फिरत नाही. ती घड्याळाच्या लंबकासारखी इकडून तिकडे झुलते. झोका अगदी थोडा असतो, पण एका मिनिटात दहा ते वीस हजार वेळा बसतो. त्याच यंत्राला कापायचे पातेही लावता येते.

त्रिकोणी गादीच्या दोन्ही यंत्रांत कागदाचे टोक आधी झिजते, मधला भाग कोराच राहतो. म्हणून एक टोक झिजले की कागद काढा, फिरवा आणि दुसरे टोक पुढे आणा. मग तिसरे. एका कागदात तीन कागदांचे काम होते. झिजलेले टोक पाहून पूर्ण कागद फेकणारा माणूस दोन तृतीयांश पैसे केरात टाकतो.

दुकानात जाताना जुना कागद बरोबर न्या. तीन गोष्टी जुळवून घ्या. एक, आकार. दोन, चिकटण्याची पद्धत. तीन, भोके. गादीला भोके असतात. यंत्र त्या भोकांतून धूळ ओढून पिशवीत टाकते. कागदाची भोके गादीच्या भोकांवर नेमकी बसली पाहिजेत. बिनभोकांचा कागद लावला तर धूळ कागदाखालीच राहते. कागद बुजतो, तापतो आणि लाकडावर ओरखडे उठवतो.

ताव कापायला कात्री घेऊ नका. तिची धार जाते. कागद घडी घालून करवतीच्या जुन्या पात्याला लावा आणि ओढून फाडा. सरळ फाटतो.

मामा आणि भाचा

आता एक गोष्ट वाचा. असे समजा, एका गावात सुतारकाम करणारे मामा आहेत. त्यांच्या हाताखाली भाचा काम शिकतो आहे. एका घरी लेकीचे लग्न आहे आणि पुढचे सागवानी दार पॉलिश करून हवे आहे. मामा दुसऱ्या कामाला गेले. भाच्याने दिवसभरात दार घासले.

“मामा, दार झालं बघा. हात फिरवा. लोण्यासारखं लागतं.”

मामांनी हात फिरवला. खरेच गुळगुळीत होते. संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशचा पहिला हात दिला. ऊन दारावर आले आणि दारभर बारीक बारीक गोल वेटोळी दिसू लागली. जणू गांडुळे चालून गेली होती.

“अहो मामा, काल तर काहीच दिसत नव्हतं!”

“काल पॉलिश नव्हतं. पॉलिश काही लपवत नाही रे, उलट चव्हाट्यावर मांडतं. बरं भाचेबुवा, कागद कोणता लावला होता?”

“आधी जाडा, मग बारीक.”

“जाडा म्हणजे कितीचा?”

भाचा गप्प राहिला. मामांनी कोपऱ्यातले वापरलेले कागद उलटून पाहिले. एकावर ६० होते, दुसऱ्यावर २२०.

“साठावरनं एकदम दोनशेवीस? जिन्याच्या मधल्या पायऱ्या सोडून उडी मारलीस बाबा. साठाचे ओरखडे दोनशेवीसनं कसे निघतील?”

“पण मामा, हाताला तर लागत नव्हते.”

“वरची टोकं घासली गेली, म्हणून हाताला लागत नव्हते. खालचे खड्डे तसेच राहिले. पॉलिश त्यांत उतरलं.”

सगळे पॉलिश काढावे लागले. दार पुन्हा पहिल्यापासून घासावे लागले. दोन दिवसांची मजुरी गेली आणि वर पाहुणे यायची घाई. भाचा मेहनती होता. त्याने अंग चोरले नव्हते. त्याचे अडले ते एका आकड्यापाशी.

पायऱ्यांचा हिशेब

या गोष्टीतून काय कळते? जाड कागद खडबडीतपणा काढतो, पण स्वतःचे ओरखडे ठेवून जातो. पुढच्या कागदाचे काम म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे काढणे. म्हणून पायरीपायरीने जावे.

रंध्याने नीट साफ केलेल्या सागवानी दाराला तीन पायऱ्या पुरतात. पहिली ८०, दुसरी १२०, तिसरी १८०. फळी फारच खडबडीत असेल तर आधी ६० लावा. पॉलिश अगदी तलम हवे असेल तर शेवटी २२०. रंग द्यायचा असेल तर १५० किंवा १८० वर थांबले तरी चालते. रंगाला धरायला थोडा खरखरीतपणा हवा असतो. फार बारीक घासले तर लाकूड चकाकते, पण तेल किंवा रंग आत शिरत नाही.

प्लायवूडवर सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. त्याची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. त्यावर ८० चा कागद यंत्राने फिरवला की पापुद्रा जातो आणि खालचे भलतेच लाकूड वर येते. तिथे १८० पासून सुरुवात करा, आणि शक्यतो हातानेच.

एक पायरी पुरी झाली हे कसे ओळखावे? एक सोपी युक्ती आहे. घासण्याआधी लाकडावर पेन्सिलीने हलक्या रेघा ओढा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की ती पायरी संपली. पुन्हा रेघा ओढा आणि पुढचा कागद घ्या. पण कागद बदलण्याआधी धूळ झटकून, पुसून घ्या. ८० चा एक सुटलेला कण १८० च्या कागदाखाली सापडला तर तो एकटा सगळे काम बिघडवतो.

शेवटी दिवा किंवा विजेरी लाकडाच्या बाजूला आडवी धरा. तिरप्या उजेडात राहिलेला ओरखडा लगेच दिसतो. शेवटचा हात यंत्र ठेवून हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने द्या. यंत्राची बारीक वेटोळी त्याने निघून जातात.

हात कसा ठेवावा?

यंत्र हातात आले की माणसाला वाटते, जोर लावला तर काम लवकर होईल. हे साफ खोटे आहे. जोर लावला की गादीचे फिरणे मंदावते. कण लाकडात रुततात. कागद तापतो, भुसा वितळल्यासारखा चिकटतो, आणि गादीवरचे वेल्क्रोचे बारीक आकडे गळून जातात. मग नवा कागदही चिकटत नाही. गादीच बदलावी लागते.

यंत्राचे आणि हाताचे वजन पुरे आहे. हात नुसता टेकवा. सावकाश सरका. एका सेकंदाला इंचभर, इतकाच वेग ठेवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा, आपण शेणाने सारवतो तशी. एका जागी थांबू नका, तिथे खळगा पडतो. कडेला गादी अर्ध्याहून अधिक बाहेर जाऊ देऊ नका, नाही तर कड गोल होते. थांबताना आधी यंत्र उचला, मग बटण बंद करा.

त्रिकोणी आणि झुलणाऱ्या यंत्रांबाबत आणखी सांभाळा. कोपऱ्यात नुसते टोक टेकवून मागची बाजू उचलायचा मोह होतो. तसे केले की सगळा भार टोकावर येतो आणि लाकडाला चर पडते. गादी नेहमी पूर्ण टेकलेली असावी. यंत्राला वेगाचे चाक असेल तर कोपऱ्यात वेग कमी ठेवा.

गोल खांब किंवा पाळण्याचा गोलवा घासताना कठीण गादी सपाट चट्टे पाडते. त्यासाठी स्पंजाची मऊ गादी मिळते. ती कागद आणि यंत्र यांच्यामध्ये लावावी. नसेल तर गोलव्यावर हातच चांगला.

कागद बुजला म्हणजे तो मेला असे नाही. यंत्र बंद करा. क्रेप रबराच्या जुन्या चपलेचा तळवा कागदावर घासा. अडकलेला भुसा निघून येतो. मात्र बोट फिरवल्यावर कण बोथट लागले, तर कागद टाकून द्या. बोथट कागद घासत नाही, नुसता तापतो. कागद वाचवायला जाल तर वीज, वेळ आणि लाकूड तिन्ही घालवाल.

पावसाळ्यात कागद सर्दावतो, वाकतो आणि कण सुटतात. म्हणून तो पत्र्याच्या डब्यात सपाट ठेवा. आकड्याप्रमाणे निरनिराळे गठ्ठे करा आणि प्रत्येकावर चिठ्ठी लिहून लावा. गोल कागद लहान असतो, त्याच्या पाठीवरचा आकडा वापरून पुसट होतो. मग चिठ्ठीच उपयोगी पडते.

धूळ कुठे जाते?

आता या धड्यातली सर्वांत मोठी गोष्ट. हातरंध्याने लाकडाची साल निघते, ती खाली पडते. यंत्रावरच्या कागदाने निघणारी धूळ पिठासारखी असते. तिच्यातला बारीक भाग डोळ्यांना दिसतही नाही. तो तासन् तास हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर छातीत जातो. कागद जितका बारीक, तितकी धूळही बारीक. म्हणजे शेवटच्या पायरीला काम हलके वाटते, पण हवा अधिक वाईट असते.

लाकडाची धूळ म्हणजे निसर्गाची वस्तू, तिने काय होणार, असे पुष्कळ जण म्हणतात. हे बरोबर नाही. सागवान आणि शिसव यांच्या धुळीने अंगाला खाज सुटते, काहींना दमा जडतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी एक संस्था आहे. तिने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली. वर्षानुवर्षे ही धूळ हुंगणाऱ्यांना नाकाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

मग उपाय काय? काम उघड्या अंगणात किंवा ओसरीवर करा. वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. यंत्राची धुळीची पिशवी अर्धी भरली की रिकामी करा. तोंडावर मुखवटा घाला. नुसता रुमाल किंवा उपरणे बारीक धुळीला अडवत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत ‘एन ९५’ हे नाव सर्वांनी ऐकले. तोच मुखवटा घ्या. त्यातल्या ९५ या आकड्याचा अर्थ असा, की बारीक कणांपैकी शंभरातले निदान ९५ तो अडवतो. पाहा, इथेही आकडाच सांगतो. मुखवटा नाकाच्या दांडीवर दाबून बसवा. फट राहिली तर धूळ फटीतून जाते.

काम झाल्यावर जागा कोरड्या केरसुणीने झाडू नका. धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसा. घरात जाण्याआधी कपडे झटका, हातपाय धुवा आणि मगच लेकराला उचला.

जुना रंग दिसला तर थांबा

जुन्या दारांवर आणि खिडक्यांवर तेलरंगाचे थर असतात. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे घालत. शिसे विषारी आहे. त्याची धूळ पोटात किंवा छातीत गेली तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाचे सुरक्षित असे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू झाला, की घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे. पण त्याआधीचा रंग अजून किती तरी घरांच्या दारांवर बसलेला आहे.

म्हणून जुना तेलरंग यंत्राने कोरडा घासू नका. यंत्र त्या विषाचे पीठ करून घरभर उडवते. रंगावर पाणी शिंपडा आणि वॉटर पेपरने किंवा खरवडणीने हाताने काढा. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा. निघालेला रंग त्यातच गुंडाळा. तो शेतात, विहिरीपाशी किंवा चुलीत टाकू नका. त्या वेळी मुलांना आणि गरोदर बाईला तिथे येऊ देऊ नका.

ओले घासायचे ते फक्त हाताने. विजेचे यंत्र आणि पाणी यांची गाठ कधीही घालू नका.

विजेचे भान

कागद बदलण्याआधी प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरे नाही. वायर सोललेली असेल तर यंत्र चालवू नका. डोळ्यांवर चष्मा ठेवा. हाताला मुंग्या येऊ लागल्या तर यंत्र ठेवा आणि थोडे थांबा. रोज तासन् तास हादरे बसले तर बोटे बधिर होतात.

पॉलिशला जवसाचे तेल वापरले असेल तर तेलाची फडकी गोळा करून भुशाच्या पिशवीजवळ टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. फडकी उन्हात सुटी पसरा, वाळू द्या.

ध्यानात ठेवा

आकडा लहान, कण मोठा. आकडा मोठा, कण बारीक.
पायरी सोडू नका. ८०, १२०, १८०.
जोर लावू नका. हात टेकवा आणि सावकाश सरका.
भोकांवर भोके बसवा.
मुखवट्याशिवाय यंत्र सुरू करू नका.
जुना रंग कोरडा घासू नका.

प्रश्न

१. ६० आणि १५० या दोन कागदांपैकी कोणाचे कण मोठे?
२. भाच्याने दार गुळगुळीत केले होते, तरी पॉलिशनंतर वेटोळी का दिसली?
३. त्रिकोणी कागद एक टोक झिजल्यावर का टाकू नये?
४. एका तावाचे ४ तुकडे होतात. एका दाराला ८० चे ३, १२० चे २ आणि १८० चे २ तुकडे लागले. अशा चार दारांना प्रत्येक आकड्याचे किती ताव आणावे लागतील? हिशेब करून पाहा.
५. तुमच्या घरात जुना तेलरंग दिलेले दार किंवा खिडकी आहे का? ती घासायची वेळ आली तर काय काय कराल, ते पाच ओळींत लिहा.

काम: या आठवड्यात गावातल्या सुतारकाकांकडे जा. पॉलिश पेपरचे तीन तुकडे मागून घ्या. त्यांच्या पाठीवरचे आकडे वाचा आणि वहीत लिहा. मग डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्यांचा क्रम लावा. आकडा आणि बोट यांचे उत्तर एकच आले, तर हा धडा तुम्हाला आला.